न खणलेली माती

एकदा एका वस्तादांनी आपल्याच तालमीतली माती खणायला बंदी घातली. “उद्यापासनं हौद्याला फावडं लावायचं न्हाई,” एवढेच म्हणाले आणि मारुतीपुढच्या समईत तेल घालायला निघून गेले. कारण विचारायची कोणाची छाती नव्हती.

ज्यांनी तालीम आतून पाहिलेली नाही, त्यांना या आज्ञेत विलक्षण काय ते कळायचे नाही, म्हणून आधी तेवढे सांगतो. हौदा म्हणजे लाल मातीने भरलेला चौकोनी खड्डा. हळद, ताक, तेल आणि लिंबाचा रस घालून ती माती सिद्ध केलेली असते. दिवसभर पैलवानांच्या पायांखाली ती दाबली जाते आणि अंगणासारखी टणक होते. म्हणून रोज पहाटे पहिला गडी हौद्यात उतरण्याआधी ती खणून मोकळी करावी लागते. वस्तादांनी हेच नको म्हणावे, म्हणजे आचाऱ्याने चूल पेटवू नका म्हणण्यासारखे झाले. सगळी तालीम चाट पडली.

सर्वांत जास्त गोंधळला तो दौलू. तो वस्तादांचा सर्वांत जुना शिष्य. वास्तविक माती खणणे हे नव्या पोरांचे काम, पण दौलूने ते कधी कोणाला करू दिले नाही. तो स्वतः खणायचा, ढेकळे बोटांनी चुरायचा आणि एखादा खडा हाताला लागला की उचलून कुंपणापलीकडे फेकायचा. लोकांची लेकरे इथे पडतात, त्यांना इजा होता कामा नये, असे त्याचे म्हणणे. माणूस असा होता. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

या दौलूला एक मुलगा होता. भैरू त्याचे नाव, वय नऊ. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला, नवसाचा. नवसाच्या पोराचे लाड होतात असे आपण समजतो. दौलूच्या घरी उलटे झाले. एकुलते एक पोर वाया जाईल, या धास्तीने त्याने भैरूला पाळण्यातून उचलून थेट तालमीतच ठेवले म्हणा ना. पहाटे उठायचे, जोर मारायचे, बैठका काढायच्या, मग शाळा. इथपर्यंत कोणाची तक्रार असायचे कारण नाही. पण तालमीतला एक नियम दौलूने जसाच्या तसा घरी आणला आणि तिथे तो चुकला. हौद्यात आपटलेला पैलवान विव्हळत बसत नाही, पाठीची माती झटकून उठतो. हाच नियम त्याने नऊ वर्षांच्या पोराला लावला. भैरू पडून रडला की बैठका वाढायच्या. ‘दुखतंय’ म्हणाला की आणखी वाढायच्या. पोर हुशार होते. दुखणे आपल्या हातात नाही, सांगणे मात्र आपल्या हातात आहे, हे त्याला लवकरच उमगले आणि त्याने सांगणे सोडून दिले.

त्याची आई हौसा अधूनमधून मध्ये पडे. पैलवानाच्या घरात बाईमाणसाने यात पडू नये, असे तिला सुनावले जाई. दौलू मात्र तालमीत छाती फुगवून सांगे, “वस्ताद, माझ्या पोरानं अवंदा डोळ्यातनं पाणी म्हणून काढलं न्हाई.” त्यावर वस्ताद नुसतेच “हं” म्हणत. त्या ‘हं’चा अर्थ दौलू कौतुक असा घेई. माणूस आपल्याला हवा तोच अर्थ घेतो.

पुढे एक दिवस भैरू शाळेमागच्या चिंचेवर चढला आणि फांदीसकट खाली आला. चिंचेवर चढायला घरून बंदी होती. उजव्या मनगटात अशी कळ गेली की त्याला डोळ्यांपुढे दिसेना. पण तो उठला, शर्टाची बाही बोटांपर्यंत ओढली आणि घरी आला. संध्याकाळी जेवताना तो डाव्या हाताने भाकरी मोडू लागला. दौलूचे लक्ष गेले. डाव्या हाताने जेवतात का, हेच वळण लावले का तुला, असे तो खेकसला. पोराने मुकाट्याने हात बदलला. उजव्या हाताने भाकरी मोडेना, म्हणून त्याने ती अख्खी आमटीत बुडवून ठेवली आणि भिजल्यावर बोटांनी ओढून ओढून खाल्ली. दौलूला बरे वाटले. एका शब्दात पोर ऐकते, याला संस्कार म्हणतात, असे तो हौसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. दुसऱ्या पहाटे भैरूने त्याच मनगटावर जोर मारले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही मारले. कमी मारले म्हणून बोलणीही खाल्ली.

शनिवारी तालमीत मारुतीला नारळ फुटला. वस्ताद एकेका पोराच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत होते. भैरूने डावा हात पुढे केला. प्रसाद डाव्या हाताने घेतोस म्हणून दौलू मागून गरजला आणि पोराने घाईघाईने उजवा हात पुढे केला. वस्तादांनी तुकडा ठेवला. तो खाली पडला, कारण बोटे मिटलीच नाहीत. भैरू लगबगीने वाकून तो उचलू लागला.

वस्तादांनी प्रसादाचे ताट बाजूला ठेवले, पोराला कट्ट्यावर बसवले आणि बाही वर सरकवली. मनगट सुजून काळेनिळे पडले होते. तालमीत आयुष्य गेलेल्या माणसाला हाड मोडलेले कळायला वेळ लागत नाही. दुखते का, असे त्यांनी हळू आवाजात विचारले. भैरूने आधी बापाच्या तोंडाकडे पाहिले आणि मग म्हणाला, “न्हाई. दुखत न्हाई.”

बांबूच्या कामट्या बांधून वस्तादांनी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात धाडले. डॉक्टरांनी फोटो काढला. मोडलेल्या हाडावर जोर दिल्याने ते सरकले होते. भूल देऊन बसवावे लागले, वर प्लास्टर घातले. मनगट पूर्वीसारखे फिरेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असे ते म्हणाले. आणि घरी सोडताना एक गोष्ट त्यांनी दौलूला बजावून सांगितली. आत सूज वाढली तर प्लास्टर आवळते. बोटे दुखू लागली, बधिर झाली, तर तासभरही थांबायचे नाही. उशीर झाला तर हात कायमचा निकामी होईल. मुलाला विचारत राहा, तो सांगेल.

तो सांगेल, असे डॉक्टर सहज म्हणाले. आपले पोर सांगणार नाही, हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच ठाऊक होते.

पण माणसाला लाज वाटण्याआधी बहुधा राग येतो. संध्याकाळी तो तालमीत आला तो धुमसतच. आपण पोराला कष्ट दिले, पण उपाशी ठेवले नाही. मारले असेल, पण वाईट काही शिकवले नाही. मग पोर लपवाछपवी कुठून शिकले, असे सगळे तो वस्तादांपुढे बोलून गेला. शेवटी म्हणाला, “खोटं बोलायला म्या त्याला कवा शिकवलं न्हाई, वस्ताद. मग बोललं कशाला?”

वस्तादांनी हौद्याकडे पाहिले आणि माती खणायची बंदी घातली. ती ही बंदी.

पहिल्या दिवशी फारसे काही बिघडले नाही. पोरे लढली, पाठी खरचटल्या. दुसऱ्या दिवशी पट, म्हणजे पाय ओढून पाडायचे डाव, कमी निघाले. त्यानंतर लढत म्हणजे नुसते एकमेकांभोवती फिरणे झाले. मानेवर हात टाकायचा, जोखायचे, पुन्हा मागे सरायचे. डाव कोणी टाकेना, कारण डाव फसला तर आपटायचे कशावर? मग गडी येईनासे झाले. एकाचे पोट बिघडले, एकाच्या मेहुण्याचे अचानक लग्न निघाले, एकाला शेताला पाणी पाजायचे होते, ते नेमके पहाटेच. दौलू भडकला. एवढ्या कडक शिस्तीच्या तालमीत ही थापेबाजी कुठून आली, म्हणून त्याने सगळ्यांना रांगेत उभे करून झापले.

घरी वेगळीच तऱ्हा होती. तो दर घटकेला भैरूपाशी जाई आणि दुखते का विचारी. भैरू गोधडीखाली हात घेऊन बसलेला असे. विचारले की पाठ ताठ करी आणि म्हणे, “न्हाई आबा.” त्यात धिटाई इतकी चोख असे, की दौलूला ती ऐकवेना. ज्या उत्तराचा त्याला वर्षभर अभिमान होता, त्याच उत्तराची आता त्याला भीती वाटू लागली. हौसा त्याच्याकडे नुसती पाहत राही.

अशात एका सकाळी वस्तादांनी दौलूला हाक मारली. पोरे गोळा झालेली होती. त्यांनी जगू नावाचा एक अंगापिंडाने भरलेला गडी हौद्यात उतरवला आणि दौलूला सांगितले, “जगूवर ढाक टाक.”

ढाक हा दौलूचा हुकमी डाव. त्यात टाकणाऱ्यालाही समोरच्याबरोबर मातीवर अंग झोकून द्यावे लागते. दौलूने मातीला हात लावून तो कपाळी टेकवला, तेव्हा बोटांना माती लागलीच नाही. पायांखाली फरशी असल्यासारखे वाटत होते. जगूने मानेवर हात टाकला. दौलू एकदा फिरला, दोनदा फिरला. खांदा निखळला तर शेत कोण करणार, पोराला दवाखान्यात कोण नेणार, असे विचार त्याच्या मनात येऊन गेले. तालमीत उतरल्यापासून इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. आणि त्याच्या तोंडून निघून गेले, “वस्ताद, पायाला मुरगळ हाय. काल बांधावरनं घसरलो.”

वस्ताद हौद्यात उतरले. या वयात त्यांना गुडघे मोडून बसायला त्रास होई, तरी ते दौलूच्या पायाशी बसले. त्यांनी घोटा हातात घेतला, चहूबाजूंनी चाचपला, दाबला. कुठे दुखते, असे विचारले. पायाला काहीच झालेले नव्हते आणि ते त्या हातांना कळले होते.

“खोटं बोलायला म्या तुला कवा शिकवलं न्हाई, दौलू,” वस्ताद म्हणाले. “मग बोललास कशाला?”

आपलेच शब्द दौलूला ऐकू आले. ज्या पोरांना त्याने थापा मारता म्हणून झापले होते, ती पोरे समोर उभी होती. गुरू पायाशी बसलेला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे माणूस म्हणतो. पण जमीन तर इतकी कडक झालेली होती की तेही शक्य दिसेना.

वस्ताद उठले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “ह्या तालमीतला एक तरी नियम म्या ढिला केला का? येळंला न आलेल्याला आजबी दारात उभा करतो. अंगचोरपणा केलेला आजबी चालत न्हाई. नियम हुते तसंच हायेत, नुसती माती कडक झाली, आन् तुज्यासारखा गडी खोटं बोलाय लागला. तू भित्रा न्हाईस. पडायला जागा न्हाई, म्हणून बोललास. पडणं कुणाला चुकलंय? पोरगं शिकणार म्हणजे पडणारच. ते कशावर पडंल, एवढंच आपल्या हातात असतंय. लोकांच्या पोरांसाठी तू रोज ढेकळं चुरतोस, दौलू. तुजं पोर घरात कशावर पडतंय, ते कवा बघितलंस?”

दौलूच्या डोळ्यांसमोर ताट आले. आमटीत बुडालेली अख्खी भाकरी आली. त्या वेळी आपल्याला बरे वाटले होते, हे आठवून त्याला स्वतःची शिसारी आली. तो भर तालमीत, पोरांदेखत रडला. मग डोळे पुसत म्हणाला की आजपासून पोराला एका शब्दाने बोलणार नाही. उठायचे तेव्हा उठू दे, करायचे ते करू दे, कसरत नको, काही नको.

वस्तादांनी कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलली आणि हौद्यात त्याच्या पायांपुढे रिकामी केली. “उभा ऱ्हा त्यात.” टणक मातीत पाणी मुरले नाही, वरच निसरडा चिखल झाला. दौलूने पाऊल टाकले तसा पाय सरकला, दुसरा टाकला तसा तोही सरकला आणि तो जगूला धरून कसाबसा सावरला. कोणीतरी फिस्सकन हसले आणि गप्प झाले.

“चिखलातबी कुस्ती हुत न्हाई,” वस्ताद म्हणाले. “पोराची उठायची येळ हाय तीच ठेव. चिंचंवर चढायचं न्हाई म्हणजे न्हाई. पण पडल्यावर त्याला पयला तू आठवाय पायजेस, भ्या वाटून न्हवं. जा. आधी माती खण, मग घरी जा.”

दौलूने फावडे घेतले. इतके दिवस दाबली गेलेली माती पहिल्या घावात उकलेना. हाताला फोड येईपर्यंत तो खणत राहिला आणि कोणी मदतीला आलेला त्याने परत पाठवला.

घरी आला तेव्हा भैरू खाटेवर होता. बापाची चाहूल लागताच त्याने हात गोधडीखाली घेतला आणि पाठ ताठ केली. ती ताठ पाठ दौलूने रोज पाहिली होती. आज ती त्याला बघवली नाही. तो खाटेवर बसला नाही, खाली जमिनीवर बसला, म्हणजे पोराचे तोंड त्याच्या वर आले. बापाने पोरापुढे काय म्हणायचे असते अशा वेळी, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

“भैरू, आज म्या वस्तादांशी खोटं बोललो,” तो शेवटी म्हणाला.

भैरूने डोळे मोठे केले. वस्तादांशी कोणी खोटे बोलते, तेही आबा, हे त्याच्या कल्पनेपलीकडचे होते. त्याने विचारले, “का?”

“पडायचं भ्या वाटलं.”

पोराने विचारले की वस्तादांनी मारले का. दौलूने नाही म्हणून मान हलवली. मग बैठका घातल्या का, असे त्याने विचारले. त्यावरही दौलूने मान हलवली आणि सांगितले की त्यांनी माती खणायला लावली. आपले सोललेले तळवे त्याने पोरापुढे धरले. “लई दुखतंय,” तो म्हणाला.

हा शब्द त्या घरात बापाच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. भैरू त्या फोडांकडे बघत राहिला. मग त्याने गोधडीखालून प्लास्टरचा हात हळूहळू बाहेर काढला. बोटे फुगून निळसर झालेली होती.

“आबा,” तो म्हणाला, “माजीबी बोटं दुखत्यात. सकाळपासनं.”

पुढचे दौलूला नीट आठवत नव्हते. शेजाऱ्याची जीप, मांडीवर पोर, शेजारी पदर तोंडात धरून बसलेली हौसा, आणि दवाखान्यात प्लास्टर कापणारी ती करवत. डॉक्टर रागावले. आणखी दोन-तीन तास असेच गेले असते तर हात गेला होता, असे ते स्पष्ट म्हणाले. दौलूने ते मान खाली घालून ऐकून घेतले. हात वाचला. मनगट मात्र किंचित वाकडे बसले, ते वाकडेच राहिले. भैरू पुढे कुस्ती खेळला की नाही, हे या कथेत महत्त्वाचे नाही. ते वाकडे मनगट मात्र दौलूला रोज ताटासमोर दिसे आणि रोज त्याचा घास क्षणभर अडे. काही चुका माफ होतात, तरी पुसल्या जात नाहीत.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या पहाटे दौलू नेहमीसारखा हौद्यात माती खणत होता. वस्ताद आले, कट्ट्यावर बसले आणि पोर कसे आहे म्हणून त्यांनी विचारले.

दौलूने फावडे थांबवले, पण वर पाहिले नाही. “लई रडलं, वस्ताद,” तो म्हणाला. “सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. माझ्या गळ्याला मिठी मारून रडलं.”

एरवी नुसतेच ‘हं’ म्हणणारे वस्ताद त्या दिवशी म्हणाले, “बरं झालं.”

दौलू पुन्हा खाली वाकला. हाताला एक मोठे ढेकूळ लागले, ते त्याने बोटांनी सावकाश चुरले.